कोपऱ्यातली क्लिप

प्राउसनं टेप गुंडाळला, टोपी काढून हातात घेतली, आणि मी मनात म्हटलं, झालं, आता भांडण पेटणार.

“शवपेटी लांबीला बसते,” तो म्हणाला. “रुंदीलाही बसते. पण डावीकडचं आतलं पॅनेल पार सुटून पुढे आलंय. पेटीची कडी त्यात अडकणार. सगळ्या गावासमोर ओढाताण व्हायची. एक तर हे सकाळपर्यंत नीट बसवा, नाहीतर आमची काळी गाडी आहेच.”

प्राउस आमच्या मूंटा गावातले अंत्यविधी बघतो. आवाज कधी चढवत नाही, त्यामुळे त्याचं बोलणं कुणाला तोडताही येत नाही. आम्ही सगळे शेडमध्ये घरच्या त्या जुन्या होल्डन वॅगनभोवती, मागे सामानाला लांब जागा असलेल्या मोटारीभोवती, उभे होतो. माझे सासरे हेडली पेनहॉल बुधवारी पहाटे गेले. उद्या शुक्रवारी त्यांना न्यायचं होतं, आणि सासूबाईंनी एकच गोष्ट सांगितली होती. हेडली जाईल तर वॅगनमधूनच.

“बघा, मी म्हणतच होते,” केरिन लगेच सुरू झाली. माझी नणंद. अ‍ॅडलेडहून आली की तिला मूंटातलं काहीच चालत नाही. “काळी गाडी बोलवा. माणसाला शेवटचं तरी व्यवस्थित न्यावं. ज्या गाडीत कोंबडीखताची पोती आणली त्यात बाबांना ठेवायचं? डेन्झिल, तू काहीतरी बोल ना!”

डेन्झिल माझा थोरला दीर. कालपासून तो केरिनच्याच बाजूनं होता. काळी गाडी म्हणजे काळी गाडी, वाद कशाला, असं त्याचं. मला नवल वाटलं नव्हतं. तो व्हायला नावाच्या दूरच्या गावाहून वर्षातून एकदा नाताळला यायचा, आपला पिकअप रस्त्यावर लावायचा आणि शेडकडे फिरकायचाही नाही. या वॅगनच्या चाकाला त्यानं कित्येक वर्षांत हात लावला नव्हता.

आता मात्र तो वाकला. त्या सुटलेल्या पॅनेलमागे त्यानं बोटं सरकवली आणि बराच वेळ चाचपत राहिला.

“मी बसवतो,” तो म्हणाला.

“तू?” माझा नवरा रॉडनी पटकन बोलून गेला.

“का? अक्कल नाही मला?”

त्या एका शब्दानं शेडमधली हवाच बदलली. केरिन माझ्याकडे बघायला लागली, मी प्राउसकडे. प्राउसनं टोपी डोक्यावर ठेवली आणि सकाळी नऊला गाडी माझ्या दारात आणा म्हणून निघून गेला.

“अक्कल” या शब्दाचा इतिहास मला लग्नाच्या पहिल्याच वर्षी रॉडनीनं सांगितला होता. डेन्झिल बावीस वर्षांचा असताना त्यानं बाबांच्या वाढदिवसाला एक बेत केला. वॅगनचं मागचं पॅनेल तेव्हाच खडखडायला लागलं होतं. त्यानं सरळ स्क्रू घेतले, वरून रेक्झिनमधून आरपार मारले आणि पॅनेल पत्र्याला घट्ट करून टाकलं. त्याच रात्री बाबांनी स्क्रू उपसून काढले. आणि दुसऱ्या दिवशी, डेन्झिलची होणारी बायको चहाच्या टेबलाशी बसलेली असताना, म्हणाले, “अक्कल नसेल तर माणसानं हात लावू नये.” एवढंच. कारण नाही, पुढे काही नाही. महिन्याभरात डेन्झिल व्हायलाच्या पोलाद कारखान्यात नोकरीला लागला. बापलेक त्यानंतर बोलायचे ते हवापाण्याचं.

सासरे वाईट नव्हते हो. मला त्यांनी कधी वावगा एक शब्द सुनावला नाही. म्हणून तर मला ही गोष्ट कधी पटली नाही.

*

केरिन सासूबाईंना घेऊन पाद्र्याकडे गेली. उद्याची गाणी ठरवायची होती. इकडे दोघं भाऊ शेडमध्ये. मी चहाचं निमित्त काढून तिथंच एका खोक्यावर बसले, कारण या दोघांना एकटं सोडायची माझी हिंमत नव्हती.

डेन्झिल आपल्या पिकअपमधून एक पत्र्याचा डबा घेऊन आला. तंबाखूचा जुना डबा. आत चकचकीत पोलादी क्लिपा. दोन पायांच्या, केसांच्या आकड्यासारख्या, वर चपटं डोकं.

“या कुठून आणल्यास?” रॉडनीनं विचारलं.

“आहेत माझ्याकडे.”

“याच गाडीच्या?”

“याच गाडीच्या.” डेन्झिल खाली बघून एकेका क्लिपचे पाय फाकवत होता. “दर नाताळला बरोबर आणायचो. वाटायचं, म्हातारा एखाद्या वेळी म्हणेल, डेन्झ, जरा बघतोस का त्या पॅनेलचं.”

मी डेन्झिलच्या कपात आणखी चहा ओतला, तो त्यानं प्यायलाही नाही.

मग त्यांनी पॅनेल उतरवलं. डेन्झिलनं चपट्या पट्टीला चिंधी गुंडाळली, प्रत्येक क्लिपच्या अगदी शेजारी घातली आणि हलकेच उचकटलं. रॉडनी मधेच ओढायला गेला तर म्हणाला, “ओढू नकोस. ओढलं की हार्डबोर्ड फाटतो. क्लिप पत्र्यातून निघाली पाहिजे, बोर्डातून नाही.” पॅनेल उलटं करून त्यांनी बाकावर ठेवलं. मागची बाजू पाहून वाईट वाटलं. क्लिपची डोकी जिथं अडकतात त्या खाचा भुसभुशीत होऊन गेल्या होत्या.

“हे आपलंच काम,” रॉडनी म्हणाला. “जेटीवरून उड्या मारायच्या आणि ओल्या चड्ड्यांनी मागे लोळायचं.”

“केरिन तर ओला टॉवेल नेमका इथंच टाकायची.”

“आणि नाव तुझं सांगायची.”

“आणि मार मला!” डेन्झिल हसला. बुधवारनंतर त्या शेडमध्ये पहिल्यांदा कुणीतरी हसलं. पुढच्याच क्षणाला दोघंही ओशाळले.

पातळ प्लायवुडचे तुकडे कापून त्यांनी प्रत्येक कुजक्या खाचेवर सरसानं चिकटवले आणि वर विटा ठेवल्या. सरस वाळेपर्यंत डेन्झिल रेक्झिनवरून अंगठा फिरवत होता. त्याच्या स्क्रूंची बारीक भोकं अजून तिथं होती.

“काय बावळट होतो मी,” तो म्हणाला. “आरपार स्क्रू! पण रॉड, खरं सांग, एवढं होतं का ते? मला शिकवता आलं असतं ना त्यांना. पोरानं चुकीचं केलं, तर बरोबर कसं करायचं ते दाखवावं.”

“मी तेरा वर्षांचा होतो, डेन्झ. मला एवढंच आठवतं, त्या रात्री ते बॅटरी तोंडात धरून स्क्रू काढत होते. मी दारातून बघत होतो. रागावलेले नव्हते दिसत.”

“मग कसे दिसत होते?”

रॉडनीनं विचार केला. “घाबरलेले,” तो म्हणाला. डेन्झिलनं ते उडवून लावलं.

सरस वाळला. नव्या खाचांत क्लिपांची डोकी सरकली. दोघांनी पॅनेल उचलून पत्र्याशी धरलं. रॉडनी फटीतून बॅटरी मारून भोक दिसतंय का बघायचा, “जरा वर, हं, थांब,” म्हणायचा, आणि डेन्झिल बरोबर क्लिपवर तळहात ठेवून एकच धक्का द्यायचा. टक्. हातोडी नाही, काही नाही. वरची रांग बसली, बाजू बसली. शेवटी मागचा खालचा कोपरा उरला, फाळक्याजवळचा, म्हणजे मागच्या दाराजवळचा.

“ही गंमत बघ,” डेन्झिल म्हणाला. “इथला बोर्ड शाबूत आहे. खाच नव्यासारखी. भोकही गंजलेलं नाही. नुसती क्लिपच नाही. कुणी मुद्दाम काढून ठेवल्यासारखी.”

“पडली असेल कुठेतरी.”

“असेल.”

त्यानं डब्यातली एक क्लिप घेतली, बसवली, तळहात ठेवला. टक्. मग दोघं गाडी घेऊन समुद्रापर्यंत जाऊन आले. परत येऊन डेन्झिलनं इंजिन बंद केलं तेव्हा त्याचे डोळे लाल झाले होते.

“एक आवाज नाही, ग्लेनिस,” तो मला म्हणाला. “कुठं काही वाजत नाही. म्हाताऱ्याला दाखवायला पाहिजे होतं गं.”

*

तिकडे केरिनच्या गाडीत काय चाललं होतं ते तिनंच मला नंतर सांगितलं. पाद्र्याकडून परतताना तिनं आईला शेवटचं विचारून पाहिलं.

“आई, अजूनही ऐक. लोक नावं ठेवतील.”

“त्याच गाडीतून तुला दवाखान्यातून घरी आणली,” सासूबाई म्हणाल्या. “तेव्हाही तू गावभर ओरडत आलीस. तेव्हा कुणी नावं ठेवली नाहीत.”

केरिनला हसू आलं आणि रडूही. “बरं, वॅगन तर वॅगन. पण फाटकापर्यंत मी तुझा हात धरणार.”

“कुणी माझा हात धरायचा नाही.” सासूबाईंचा आवाज एकदम कडक झाला. “उद्या तो घरावरून जाईल. मी खुर्चीत बसेन. तो आला की मी उठेन आणि फाटक उघडेन, रोज उघडत आले तसं. मला कुणी सांगायचं नाही, ढकलायचं नाही. मला कळतं.”

“पडलीस तर?”

“पडले तर त्याच्या देखत पडेन. तुला काय त्याचं?”

सासूबाईंचं नाव एव्हरिल. ऐंशी वर्षांच्या. मी या घरात आले तेव्हाच त्यांची नजर गेलेली होती. पण संध्याकाळी सासरे खाणीच्या संग्रहालयातलं काम आटोपून यायचे, तेव्हा गाडी वळणावर असतानाच त्या हातातलं टाकून उठायच्या. व्हरांडा, पायवाट, फाटक. फाटकाची कडी काढून बाजूला उभ्या राहायच्या आणि गाडी आत येताना म्हणायच्या, “किटली ठेवलीय, हेडली.” मग फाटक लावायच्या. आम्ही सगळे त्यांची नक्कल करायचो. त्यांना कसं कळतं, हे आमच्यापैकी एकानंही कधी विचारलं नाही. घरातली माणसं अशीच आंधळी असतात.

त्या रात्री जेवणात मांस-बटाटा भरलेल्या पास्ट्या होत्या, शेजारणीनं पाठवलेल्या.

“गाडी धुतलीत?” सासूबाईंनी विचारलं.

“अगदी लखलखीत केलीय,” रॉडनी म्हणाला. डेन्झिल काहीतरी सांगायला पुढे झुकला. केरिननं त्याला टेबलाखालून पाय मारला. उद्या कळू दे, असं तिचं म्हणणं. आनंदाचा धक्का म्हणे. मीसुद्धा मान डोलावली, आता काय सांगू!

*

सकाळी ऊन चढायच्या आतच गल्लीतली माणसं कुंपणापाशी येऊन उभी राहिली. जुन्या गाड्यांच्या क्लबातले सगळे येणार होते. सासरे त्या क्लबाचे सर्वांत म्हातारे सभासद. क्लबाची रीत अशी की सभासद गेला की बाकीच्यांनी आपापली गाडी काढून त्याला सोबत करायची, आणि त्याच्या घरावरून न्यायचा. पुढे क्लबाचा अध्यक्ष ब्लूई, मग वॅगन, मागे बाकीच्या. रॉडनी वॅगन चालवत होता, शेजारी प्राउस. डेन्झिल, केरिन आणि मी व्हरांड्यात सासूबाईंच्या मागे.

सासूबाईंनी निळा झगा घातला होता, काळा नाही. हात खुर्चीच्या दांड्यांवर.

गाड्या वळणावर आल्या. सगळ्या होल्डन, सगळ्या त्याच काळातल्या, एकच इंजिन, एकच घरघर. सासूबाईंचे हात दांड्यांवर घट्ट झाले. त्या उठायच्या बेतात आल्या. मग हळूहळू मागे टेकल्या आणि मान तिरकी करून ऐकत राहिल्या.

ब्लूईची गाडी फाटकाच्या पुढे जाऊन थांबली. वॅगन बरोबर फाटकासमोर थांबली. मागच्या थांबल्या. सगळी गल्ली सासूबाईंकडे बघत होती. त्या हलल्या नाहीत.

केरिनला राहवेना. “आई… आले.”

“क्लबातली माणसं आली,” सासूबाई म्हणाल्या. “हेडली कुठाय?”

“अगं, समोरच आहेत. वॅगन आपल्या फाटकाशी उभी आहे.”

“ती आपली वॅगन नाही.”

“आई!”

“मला शिकवू नकोस, केरिन.” त्यांचा आवाज थरथरायला लागला. “त्या काळ्या गाडीत घातलंत ना त्याला? मला दिसत नाही म्हणून? कालपासून तेच चाललं होतं तुझं. माझ्या नवऱ्याच्या बाबतीत मला फसवलंत तुम्ही!”

केरिन मटकन पायरीवर बसली. “नाही गं आई, शप्पथ नाही,” एवढंच ती म्हणत राहिली. मी म्हटलं, “चला, हात लावून बघा ना गाडीला.” तर माझ्यावर उसळल्या. “हात लावून बघू? अनोळखी माणसासारखी? तो आला की मला कळायचं, ग्लेनिस. रस्त्यातल्या गटारीच्या उतारावर चाक उतरलं की मागे वाजायचं, टक्-टक्, टक्. गावात सगळ्यांकडे हीच गाडी होती तेव्हा. तेवढ्या आवाजावर मी उठायची.”

डेन्झिलचा चेहरा मी पाहिला. रंगच उडाला होता.

“आई,” तो म्हणाला. “आवाज मी बंद केला. काल. क्लिपा बसवल्या.”

सासूबाईंनी मान त्याच्याकडे वळवली.

“पुन्हा?” त्या म्हणाल्या.

रॉडनी गाडीतून उतरून फाटकाबाहेर उभा होता, काय झालंय ते त्याला कळत नव्हतं.

“इकडे ये, डेन्झिल. खाली बस.” तो त्यांच्या खुर्चीपाशी गुडघ्यावर बसला, एवढा मोठा माणूस. “तू स्क्रू मारलेस ना, त्या दिवशी संध्याकाळी मी दोरीवरचे कपडे काढत होते. अंधार पडायला लागला की मला तेव्हाच काही दिसेनासं झालं होतं. तुमच्यापैकी कुणाला ठाऊक नव्हतं. फाटक उघडंच होतं. एक गाडी येताना ऐकली, पण ती वाजली नाही. मला वाटलं, पुढच्या घरातल्या हॉस्किंगची असेल, जाईल पुढे. मी कपड्यांचा ढीग घेऊन सरळ गाडीच्या वाटेत आले. हेडलीनं करकचून ब्रेक मारला. दिवा माझ्या कमरेला लागला, डेन्झिल. उतरून तो लहान पोरासारखा रडला.”

“मग मला सांगितलं का नाही?”

“मी शपथ घातली होती त्याला. तेव्हा मी चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची, रॉडनी शाळेत होता. आई आंधळी होतेय हे तुम्हाला कळलं असतं तर मला कोपऱ्यात बसवलं असतं. मी म्हटलं, काही झालं तरी बोलायचं नाही. त्यानं रात्री स्क्रू काढले. एक क्लिप स्वतः काढून टाकली, कायमची. आणि तुला असं बोलला की तू पुन्हा त्या पॅनेलकडे बघूसुद्धा नयेस.” त्यांनी चाचपत त्याचं डोकं शोधलं आणि हात ठेवला. “नंतर तो कितीदा म्हणाला, एव्हरिल, आता तरी सांगू दे. माझी नजर पुरती गेली, सगळ्यांना कळली, तेव्हाही म्हणाला. मीच नको म्हटलं. तेव्हा लाज वाटायची डोळ्यांची, मग लाज वाटायला लागली की एवढी वर्षं गप्प बसले. तुझा बाप वाईट ठरला माझ्यापायी.”

डेन्झिल रडत नव्हता. त्यापेक्षा वाईट, नुसता बघत होता. शेवटी त्यानं आईचा हात डोक्यावरून काढला, त्याचा मुका घेतला आणि तिच्याच मांडीवर नीट ठेवला. मग उठला आणि पायवाटेनं फाटकाबाहेर गेला.

“फाळका उघड,” तो रॉडनीला म्हणाला.

“डेन्झ, आत बाबा—”

“माहीत आहे मला. उघड.”

फाळका खाली आला. आत ती पेटी, वर बागेतली जास्वंद. डेन्झिल पेटीच्या कडेनं अर्धा आत वाकला. त्याचा गाल लाकडाला टेकला होता. खिशातल्या चाकूला रुमाल गुंडाळून त्यानं कोपऱ्यात सरकवला, आणि सगळ्या गल्लीला ऐकू गेलं, टक्. त्यानं क्लिप खिशात टाकली.

“उतरवताना पॅनेल मी हातानं दाबून धरीन,” तो प्राउसला म्हणाला. “अडकणार नाही.” प्राउसनं मान डोलावली. मग डेन्झिल रॉडनीला म्हणाला, “एक फेरी मारून ये. सगळेच जा.”

गाड्या गेल्या. सासूबाई खुर्चीत ताठ बसल्या होत्या. दूर घरघर ऐकू आली, वळणावर आली, ब्लूईची गाडी गटारीच्या उतारावरून गेली. काही नाही. मग दुसरी.

टक्-टक्. टक्.

सासूबाई उठल्या. व्हरांड्याचा खांब, पायऱ्या, पायवाट. केरिनचा हात पुढे झाला होता, मी तो धरून ठेवला. फाटकाची कडी त्यांना पहिल्याच झटक्यात सापडली. फाटक ओढत त्या बाजूला झाल्या.

ठरलं असं होतं की गाडी बाहेरच थांबेल. पण उघडं फाटक बघून रॉडनीनं चाक वळवलं. मला वाटतं त्यानं विचारच केला नाही. वॅगन आत आली, टक् टक् करत शेडपर्यंत गेली, रोजच्या जागी थांबली.

“किटली ठेवलीय, हेडली,” सासूबाई म्हणाल्या. आणि सवयीनं त्यांनी फाटक लावलं, कडी घातली.

आम्ही वाट बघत राहिलो. चर्चची घंटा सुरू झाली होती. प्राउस टोपी हातात घेऊन उभा होता. सासूबाई लावलेल्या फाटकाला पाठ टेकवून उभ्या होत्या, दोन्ही हात मागे कडीवर.

“आई,” डेन्झिल जवळ जाऊन हळूच म्हणाला. “निघायला हवं.”

“त्याला आत घ्यायला मी उघडत आले,” त्या म्हणाल्या. “बाहेर जायला मला नाही उघडता येत रे. तू उघड.”

त्या बाजूला झाल्या. डेन्झिलनं कडी काढली.